एकाच उजेडाचे सात फोटो

फोटोग्राफी शिकायला लागलं की सगळ्यात आधी कानावर पडतं ते "बरोबर एक्स्पोजर". एक्स्पोजर म्हणजे फोटोसाठी किती उजेड आत घेतला ते. फोटो फार उजळ नको, फार काळा नको, मधला हवा. सगळीकडे तो त्रिकोण काढून दाखवतात, अॅपर्चर (लेन्समधलं भोक किती मोठं), शटर (ते किती वेळ उघडं), आयएसओ (मिळालेला सिग्नल किती वाढवायचा), आणि आपल्याला वाटतं की हे तीन आकडे नीट जुळवले की झालं काम. मी कॉलेजात हा विषय घेतला आणि एवढं शिकून झाल्यावर माझं मत असं झालंय की तो त्रिकोण म्हणजे निम्मीच गोष्ट आहे, कारण एकाच उजेडात बरोबर एक्स्पोजर सहासात तरी निघतात आणि त्यातलं कुठलं घ्यायचं हे ज्या दिवशी स्वतःला विचारायला लागतो ना तिथून खरं शिकणं चालू होतं. माझ्या बाबतीत हे कसं कसं होत गेलं ते जरा सविस्तर लिहिते, आत्ता नवीन कॅमेरा हातात घेतलेल्यांना नक्की उपयोग होईल.

कॅमेऱ्याच्या आधी आकडे आले. मॅडमनी पहिल्याच तासाला फळ्यावर एक ओळ लिहिली, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२, आणि म्हणाल्या हे पाढ्यासारखं पाठ करा, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. वर्गात जरा कुरकुर झाली, कॅमेरा सगळं स्क्रीनवर दाखवतो मग पाठ कशाला. पण मॅडमनी ते नुसतं पाठ करून घेतलं नाही, कुठून आलं तेही दाखवलं. एफ नंबर म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर मिलीमीटरमध्ये लिहिलेला आकडा) भागिले भोकाचा व्यास. म्हणजे ५० मिलीमीटरच्या लेन्सवर एफ २ असेल तर भोक २५ मिलीमीटरचं, आणि एफ ४ असेल तर साडेबारा मिलीमीटरचं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होतं, म्हणून उजेडही चौथाई. मग उजेड फक्त निम्मा करायचा असेल तर व्यासाला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ ने भागायचं, आणि तिथूनच ते २.८ आणि ५.६ असले विचित्र दिसणारे आकडे येतात. हे कळलं की नंबर मोठा तर भोक छोटं का हा सगळ्यांना पडणारा गोंधळही संपतो, तो भागाकार आहे, छेद मोठा झाला की उत्तर लहान होणारच.

शटरचंही तसंच, १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, प्रत्येक पायरीला वेळ निम्मा. आयएसओ १००, २००, ४००, ८००, प्रत्येक पायरीला दुप्पट. आणि या तिन्हीकडच्या एका पायरीला एकच नाव, स्टॉप. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, कुठूनही घ्या. एक गोष्ट मात्र सांगून ठेवते, आताच्या कॅमेऱ्यात डायल एक खट्ट फिरवली की साधारण एक तृतीयांश स्टॉप सरकतं, म्हणून ४ आणि ५.६ च्या मध्ये ४.५ आणि ५ दिसतात, १/१२५ आणि १/२५० च्या मध्ये १/१६० आणि १/२०० दिसतात. तीन खट्ट म्हणजे एक स्टॉप. हे कुणी आधी सांगितलं तर बरंच सोपं जातं, कारण मग स्क्रीनकडे न बघता बोटांनीच मोजता येतं.

आता मुख्य गोष्ट, ज्यावरून हे शीर्षक दिलंय. एका ढगाळ दिवशी मॅडमनी आम्हाला बाहेर नेलं, ट्रायपॉड लावला, ५० मिलीमीटरची लेन्स, आयएसओ १००. माझी मैत्रीण साधारण दोन मीटरवर उभी, एका हातात पाण्याचा जग, आणि ती त्यातून दुसऱ्या हाताच्या ओंजळीत पाणी सोडतेय. तिच्या मागे बरंच लांब एक बाक आणि झाडं. कॅमेऱ्याच्या मीटरने, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राने, उजेड मोजला तर एफ ८ ला १/६० आला. मॅडम म्हणाल्या आता हाच उजेड ठेवून दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत जा. म्हणजे एफ २ ला १/१०००, २.८ ला १/५००, ४ ला १/२५०, ५.६ ला १/१२५, ८ ला १/६०, ११ ला १/३० आणि १६ ला १/१५. भोक एक स्टॉप बंद केलं की शटर एक स्टॉप जास्त वेळ उघडं, हिशोब कायम शून्य. सात फोटो काढले आणि वर्गात जाऊन प्रिंट काढून भिंतीवर एका ओळीत लावले.

सातही फोटो सारखेच उजळ. हिस्टोग्रामही, म्हणजे फोटोत काळं पांढरं किती आहे त्याचा आलेखही, जवळजवळ एकसारखा. पण फोटो बघाल तर एकमेकांशी संबंध नाही इतके वेगळे. १/१००० वाल्यात पाण्याची धार तुटून थेंब सुटे सुटे हवेत थांबलेले, प्रत्येक थेंबाच्या एका बाजूला आभाळाचा पांढरा ठिपका, आणि एफ २ असल्याने मागची झाडं नुसता हिरवा रंग होऊन गेलेली, बाक आहे हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. दोन मीटरवर एफ २ ला जेमतेम १२-१३ सेंटिमीटर एवढाच पट्टा शार्प येतो आमच्या क्रॉप सेन्सरवर (३५ मिलीमीटर फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), त्यामुळे तिचा चेहरा शार्प आणि पुढे धरलेला जग थोडा विरलेला. दुसऱ्या टोकाला १/१५ ला पाण्याची अखंड गुळगुळीत पांढरी धार, थेंब नावाला नाही, जग धरलेला हात किंचित हललाय त्याची कड मऊ झालीय, पण मागच्या बाकाच्या फळ्या मोजता येतात.

मॅडमनी विचारलं यातला बरोबर कुठला. कोणी म्हणालं मधला. त्या म्हणाल्या सगळेच बरोबर आहेत, मीटरच्या हिशोबाने सातही पास, आता मला सांगा तुम्हाला त्या मुलीबद्दल काय सांगायचंय. आणि मग जो वाद झाला वर्गात तो मला अजून आठवतो. एकाचं म्हणणं थेंबच खरे, डोळ्याला जे दिसत नाही ते कॅमेऱ्याने दाखवायचं. मी एफ ११ आणि १/३० वाल्याच्या बाजूने होते, कारण त्यात पाणी वाहतंय हे दिसत होतं, मैत्रीण स्थिर उभी असल्याने चेहराही शार्प होता, आणि मागचा बाक कळत असल्याने ती कुठे उभी आहे हेही समजत होतं. थेंबवाल्या फोटोत ती कुठेही असू शकली असती. माझं अजूनही तेच मत आहे पण त्याचा मुद्दाही चूक नव्हता, त्याला पाणी महत्त्वाचं होतं आणि मला मैत्रीण. गणिताने तुम्ही त्या सात फोटोंपर्यंत पोचता, सातातून एकावर बोट ठेवताना गणित कामाला येत नाही.

यावरूनच मोड्सबद्दल. बरेच जण म्हणतात मॅन्युअल म्हणजेच खरी फोटोग्राफी. मला ते पटत नाही. शिकताना मॅन्युअलवर राहावंच, कारण प्रत्येक आकड्याला हात लावावा लागतो. पण अॅपर्चर प्रायोरिटीमध्ये तुम्ही एफ नंबर ठरवता आणि शटर कॅमेरा काढतो, म्हणजे निर्णय तुमचाच राहतो, फक्त बेरीज वजाबाकी त्याची. पोर्ट्रेटला मी बिनधास्त तेच वापरते. खेळाचे फोटो असतील तर शटर प्रायोरिटी, तिथे हालचाल हा मुद्दा असतो. फुल ऑटोची अडचण एवढीच की त्या सातांपैकी कुठला निवडला आणि का हे तो तुम्हाला विचारत नाही.

शटरची ताकद समजायला मॅडमनी दोन जुने फोटो दाखवले होते. एक फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका रस्त्याचा घेतलेला. भर दिवसाचा, वर्दळीचा रस्ता, पण फोटोत सगळा रिकामा, कारण एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं आणि तेवढ्या वेळात चालणारी माणसं आणि घोडागाड्या कुठेच थांबल्या नाहीत म्हणून उमटल्याच नाहीत. फक्त कोपऱ्यात एक माणूस स्पष्ट दिसतो, तो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा होता. दुसरे मायब्रिजचे, १८७८ मधले, ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे काढलेले, ज्यावरून घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात हे सिद्ध झालं. एकीकडे पॅरिसचा भरलेला रस्ता रिकामा दिसतो, दुसरीकडे कोणालाच न दिसणारा क्षण दिसतो, आणि दोन्हीकडे फरक आहे तो शटर किती वेळ उघडं राहिलं याचाच. हे बघितल्यापासून शटर स्पीडचा आकडा माझ्यासाठी नुसता आकडा राहिला नाही.

हात हलण्याबद्दल थोडक्यात. नियम असा की हातात कॅमेरा धरून शटर फोकल लेंग्थच्या उलट आकड्यापेक्षा हळू नको, क्रॉप सेन्सर असेल तर १.५ ने गुणून, म्हणजे ५० च्या लेन्सला साधारण १/८०. कोपर बरगड्यांना टेकवायचे, श्वास सोडता सोडता बटण दाबायचं, दाबायचं म्हणजे हळू पिळल्यासारखं, टिचकी मारल्यासारखं नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, पळणाऱ्या माणसाला थांबवत नाही, हे पण लक्षात ठेवा.

आयएसओबद्दल लोक उगाच घाबरतात असं मला वाटतं. आयएसओ वाढवला म्हणून सेन्सरवर जास्त उजेड पडत नाही, जेवढा पडला त्याचाच सिग्नल मोठा केला जातो आणि त्यासोबत कचराही मोठा होतो, तो नॉइज. १०० वरून ६४०० म्हणजे सहा स्टॉप. पण अंधाऱ्या हॉलमध्ये नाटकाचे फोटो काढताना ६४०० वर दाणे आले तर येऊ द्या, नटाचा चेहरा हललेला असेल तर तो फोटो गेलाच समजा. दाणेदार पण शार्प फोटो मी कधीही घेईन.

आता मीटर. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला कारण यात कॅमेरा विचार कसा करतो ते कळतं. आम्हाला तीन कागद दिले, एक पांढरा, एक राखाडी, एक काळा, आणि सांगितलं खिडकीपाशी ठेवून एकेकाचा फ्रेम भरून फोटो काढा, ऑटोवर. तीन फोटो कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावले तर तिन्ही राखाडी! पांढरा पण राखाडी, काळा पण राखाडी. जरा जवळून बघितलं तर कागदाच्या पोतावरून ओळखता येत होतं कुठला कुठला ते, रंगावरून अजिबात नाही. कारण कॅमेऱ्याच्या मीटरला समोर काय आहे ते माहीत नसतं, तो परत येणारा उजेड मोजतो आणि समोरचं सगळं मिळून मधलं राखाडी आहे असं धरून चालतो, पूर्वीपासून ज्याला १८ टक्के ग्रे म्हणतात ते. त्यामुळे बर्फ, पांढरी भिंत, पांढरे कपडे असले की फोटो मळका येतो आणि तिथे एक ते दीड स्टॉप प्लस करावं लागतं. काळा कोट, काळं कुत्रं, अंधारं स्टेज असेल तर उलट, मायनस. ऐकताना उलटं वाटतं, पांढऱ्याला अजून उजेड कशाला द्यायचा, पण ते तीन कागद एकदा स्वतः काढून बघा, परत कधी विसरणार नाही. आताच्या कॅमेऱ्यांची मीटरिंग बरीच हुशार झालीय, चेहरा ओळखतात वगैरे, तरी फ्रेममध्ये एकच रंग भरला की हेच होतं.

यातूनच मॅडम अमेरिकन लँडस्केप फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्सकडे गेल्या. त्यांनी आणि फ्रेड आर्चरनी १९४० च्या आसपास झोन सिस्टीम बसवली, पूर्ण काळ्यापासून कागदाच्या पांढऱ्यापर्यंत ० ते १० असे झोन, मधला पाचवा म्हणजे आपलं मीटरवालं राखाडी. त्यातली कल्पना अशी की समोरचा खडक मीटर पाचव्यात टाकणार हे माहीत आहे, पण मला तो तिसऱ्यात हवाय, गडद पण आतला पोत दिसेल असा, म्हणून मी दोन स्टॉप कमी करणार. म्हणजे प्रिंट कशी दिसेल हे बटण दाबायच्या आधी मनात ठरवायचं. मोबाईलवर फोटो काढणाऱ्यालाही हे लागू आहे, स्क्रीनवर बोट ठेवून तो सूर्याचा आयकॉन खाली ओढतो तेव्हा आपण हेच करतो, फक्त माहीत नसतं.

मग आलं अंडं. पांढऱ्या कागदावर पांढरं अंडं, बाजूला एक खिडकी, आणि एक आठवडाभर फक्त त्याचेच फोटो. ज्यांना डोंगर आणि पक्षी काढायचे होते त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण मी ठामपणे सांगेन की पूर्ण कोर्समध्ये माझ्या डोळ्यांना सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या अंड्याने. रंग नाही, गोष्ट नाही, चेहरा नाही, उजेड सोडून बघायला दुसरं काहीच नाही, त्यामुळे उजेडच बघावा लागतो. खिडकीकडची बाजू लख्ख, मग पांढरं हळूहळू उतरत राखाडी होतं, आणि सगळ्यात गडद पट्टा अगदी कडेला येत नाही, कडेच्या थोडा अलीकडे येतो. कडेला परत किंचित उजळ. का तर खालच्या कागदावर पडलेला उजेड उलटून अंड्याच्या पोटाला लागतो. हे मी आयुष्यभर अंडी बघूनही कधी बघितलं नव्हतं. सावलीचंही तसंच, अंड्याच्या बुडाशी सावली काळी आणि कडक, आणि जसजशी लांब जाते तशी फिकी आणि कडेला विरघळलेली.

मग त्याच्याशी खेळायचं. सावलीच्या बाजूला काळं कार्ड उभं केलं की ती परत येणारी उजळ कड बुडते, अंडं एकदम गंभीर दिसायला लागतं. पांढरं कार्ड ठेवलं की सावली भरून निघते आणि अंडं सपाट होत जातं. अंडं खिडकीच्या अगदी जवळ आणलं तर खिडकी त्याच्या मानाने मोठी, म्हणून सावल्या मऊ. खोलीच्या आत नेलं की तीच खिडकी लहान, सावल्या कडक आणि उजेडही कमी. खिडकीच्या जागी नुसता बल्ब लावला तर अजून एक गोष्ट हातात येते, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. म्हणजे बल्ब १ मीटरवरून १.४ मीटरवर नेला तर एक स्टॉप कमी, २ मीटरवर दोन स्टॉप, २.८ वर तीन. फळ्यावरची तीच ओळ इथे मीटरमध्ये! पाठ कशाला म्हणणारे आम्ही सगळे त्या दिवशी गप्प होऊन एकमेकांकडे बघत होतो, कारण मूळ एकच आहे, दोन्हीकडे क्षेत्रफळ वर्गाने बदलतं.

अंड्यानंतर माणसाचा चेहरा घेतला तर तो सोपा वाटला. नाक हे अंडंच आहे आणि गालही. खिडकीकडे तोंड केलेल्या माणसाला थोडं थोडं वळवत जायचं आणि नाकाची सावली गालावर कुठे पडते एवढंच बघायचं. बसमध्ये बसल्यावर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड कुठून येतोय हे बघायची सवय लागली ती अजून गेली नाही, आणि मला वाटतं या सवयीसाठी कॅमेरा लागत पण नाही.

लेन्सबद्दल एक समज सगळीकडे आहे की वाइड लेन्स चेहरा वाकडा करते आणि लांबची लेन्स छान दिसते. आमच्याकडून एक प्रयोग करून घेतला, मैत्रिणीचा चेहरा फ्रेममध्ये दर वेळी तेवढाच मोठा येईल असं जवळ लांब होत १८, ५५ आणि १३५ मिलीमीटरवर फोटो. १८ ला अगदी तोंडाशी जावं लागतं, तिथे नाक मोठं आणि कान मागे पळालेले. १३५ ला बरंच मागे जावं लागतं, चेहरा सपाट, शांत. मग सांगितलं की आता लांबच उभं राहून १८ ने काढ आणि कॉम्प्युटरवर क्रॉप कर. केलं, तर क्वालिटी गेली पण नाक कान अगदी १३५ वाल्यासारखेच! म्हणजे हे सगळं अंतरामुळे होतं. नाक कॅमेऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर आणि कान ४० च्या पुढे असेल तर फरक मोठा दिसणार, दोन मीटरवरून तोच फरक नगण्य. तेव्हापासून मी आधी पायांनी जागा ठरवते, मग झूम फिरवते.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग जुळवणं), रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग (कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेली फाइल) यावर फार लिहीत नाही. एवढंच की उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, साधा पिवळा बल्ब २७००-२८०० केल्विनच्या आसपास, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, सावलीतला उजेड त्याहून निळा. रॉमध्ये काढलं तर हे नंतर बदलता येतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या आणि १४ बिट रॉमध्ये १६,३८४, त्यामुळे सावल्या उचलताना रॉ टिकतं. पूर्ण पांढरं होऊन गेलेलं आभाळ मात्र रॉमध्येही परत येत नाही, म्हणून हिस्टोग्राम उजव्या भिंतीला चिकटलाय का ते बघायची सवय लावा, स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, अंधारात तीच स्क्रीन जास्त उजळ भासते.

डार्करूम आमच्याकडे अजून चालू आहे हे आमचं भाग्य. तिथले काका कमी बोलणारे पण हात असा चालतो की बघत राहावं. ब्लॅक अँड व्हाइटच्या कागदाला लाल उजेड दिसत नाही म्हणून आत लाल दिवा. काकांनी आधी टेस्ट स्ट्रिप करायला लावली, कागदाची एक पट्टी, वर पुठ्ठा धरायचा आणि दर पाच सेकंदांनी थोडा थोडा सरकवायचा, म्हणजे एकाच पट्टीवर ५, १०, १५, २०, २५ सेकंद. डेव्हलपरमध्ये टाकली आणि ट्रे एका कोपऱ्याने हलके हलके वर खाली करत राहिले. आधी काहीच नाही, मग कुठेतरी राखाडी डाग, मग तो डाग खिडकीची चौकट झाला. मग स्टॉप बाथ (डेव्हलप होणं थांबवणारं), मग फिक्सर (चित्र पक्कं करणारं), मग दिवा. मी म्हटलं काका, १५ सेकंदवाला बरोबर आहे ना? तर म्हणाले, "चेहऱ्यासाठी १५ घे गं, पण मागच्या भिंतीला २५ दे, नाहीतर भिंतच पुढे येईल." कागदावर जास्त उजेड म्हणजे जास्त काळं, म्हणून चेहऱ्यावर हात धरून भिंतीला दहा सेकंद जास्त. एकाच फोटोत दोन बरोबर एक्स्पोजर! हात सतत हलता ठेवायचा, नाहीतर कड उमटते. फोटोशॉपमध्ये डॉज (उजळ करायचं) आणि बर्न (गडद करायचं) ही टूल्स आहेत ना, त्यातल्या डॉजचा आयकॉन काडीला लावलेली गोल चकती आणि बर्नचा हाताची मूठ का आहे ते मला त्या खोलीत कळलं.

दर पंधरवड्याला क्रिट असायचं. सगळ्यांनी प्रिंट भिंतीला लावायच्या, ज्याचा फोटो त्याने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी फक्त काय दिसतंय ते सांगायचं, आवडलं नावडलं नाही. हे फार कठीण आहे आणि फार उपयोगी. मी एका म्हाताऱ्या आजींचा खिडकीतला फोटो लावला होता, माझ्या मते तो त्यांच्या हातांचा फोटो होता, सुरकुत्या, बोटं एकमेकांत अडकवलेली. वर्गातल्या पाचसहा जणांनी आधी उजव्या कडेला अर्धवट आलेलं दार सांगितलं. कोणालाच हातापर्यंत पोचायला घाई नव्हती. मॅडम म्हणाल्या, "अगं, डोळा आधी सगळ्यात उजळ जागी जातो, ते दार हातांपेक्षा उजळ आहे. आता तूच ठरव दार हवंय का." थर्ड्सचा नियम, लीडिंग लाइन्स वगैरे फ्रेमची मांडणी कशी करायची ते सगळं शिकवलं होतं तोवर, पण कॉम्पोझिशनबद्दल मला सगळ्यात कामाची गोष्ट हीच वाटते, उजळ काय आहे आणि चार कडांना काय कापलं गेलंय ते बटण दाबण्याआधी बघणं. दुसऱ्या दिवशी परत जाऊन दार लोटून घेतलं, आजी म्हणाल्या, "परत तेच हात?", तरी बसल्या बिचाऱ्या तासभर.

निवडणं हेही शिकावं लागतं हे मला माहीत नव्हतं. ३६ च्या रोलमधून कॉन्टॅक्ट शीट (सगळ्या फ्रेमचे छोटे प्रिंट एकाच कागदावर) काढून त्यातले दोनच लावायचे असा नियम होता. डिजिटलवर शेकडो काढले तरी दोनच. काढायला जो फोटो अवघड गेला तो जास्त आवडतो असं होतं, पण बघणाऱ्याला तुमचे कष्ट दिसत नसतात. मी आता फोटो काढल्यावर दोनतीन दिवस तसेच ठेवते आणि मग निवडते, तेवढ्यात तो प्रसंग जरा मागे पडतो आणि फोटो फोटोसारखा दिसायला लागतो.

सध्या फ्लॅश चालू आहे आणि त्याने डोकं परत पूर्ण ढवळून निघालंय. फ्लॅशचा उजेड साधारण १/१००० सेकंदात किंवा त्याहून लवकर येऊन जातो, शटर १/६० असो की १/१२५, फ्लॅशला फरकच पडत नाही, फक्त सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सगळ्यात वेगवान शटरच्या, वर जायचं नाही, आमच्या कॅमेऱ्याला तो १/२०० आहे, नाहीतर फ्रेमवर काळा पट्टा येतो. म्हणजे आता अॅपर्चर दोन्ही उजेडांवर चालतं, आणि शटर फक्त आजूबाजूच्या उजेडावर. संध्याकाळी बाहेर माणूस उभा केला, फ्लॅश आणि एफ नंबर तसाच ठेवला आणि नुसतं शटर १/२०० वरून १/१५ पर्यंत उतरवत गेलं, तर माणूस प्रत्येक फोटोत सारखाच आणि मागचं आभाळ काळ्यापासून निळं होत होत उजळतं. काल मी यातला १/६० निवडला, आभाळ अजून निळं आहे आणि मागच्या खिडक्यांतले दिवे पिवळे दिसतायत. मॅडमचं म्हणणं फ्लॅशवर केशरी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, लावून बघ, मग व्हाइट बॅलन्स बल्बच्या रंगावर ने, माणूस नॉर्मल दिसेल आणि आभाळ अजून निळं होईल. शुक्रवारी ते करणार आहे, जेल मिळालंय, मैत्रीण पुन्हा उभी राहायला तयार आहे, पाऊस नको यायला एवढंच.